ओहोटीची ओढ

आमच्या टेकडीवर पहाटे फिरायला येणाऱ्या मंडळींना शिस्त फार आवडते, फक्त ती दुसऱ्याला लावलेली असावी. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी प्रियदर्शनी खोब्रागडे नावाच्या नव्या रेंजर मॅडम तळजाईच्या जंगलावर रुजू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोरांना शेव-पोहे घालायला बंदी केली, तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये बरीच कुरकुर झाली.

"अहो मॅडम," अनिरुद्ध गोवंडे म्हणाले, "हा मोर तुमच्या आधीपासून इथे शेव खातोय. त्याला तुमचा नियम कळवलात का?"

"नाही काका. मला तो भेटत नाही. तुम्हाला रोज भेटतो, तुम्हीच सांगा."

गोवंडे एकाहत्तर वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना उलट उत्तर देणारं माणूस सहसा मिळत नाही. त्या दिवसापासून ते तिच्याशी रोज भांडायला लागले, म्हणजेच त्यांना ती आवडायला लागली.

मीही तिला लवकरच अगं-तुगं करू लागले. मी मंदाकिनी. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, वयाचा तेवढा फायदा घेते. प्रियदर्शनी चौतीस वर्षांची, अंगानं बारीक, उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढी. मूळची भंडारा जिल्ह्यातली. आजोबांनी छप्पन्न साली नागपूरला धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून घरात शिक्षणाला पहिला मान. गावच्या तलावात ती पाचव्या वर्षी पोहायला शिकली. पुढे स्पर्धा परीक्षा देऊन वनखात्यात आली आणि पुण्याला येण्याआधी चार वर्षं दापोलीकडच्या किनाऱ्यावर होती. तिथे समुद्री कासवं वाळूत अंडी घालतात. ती अंडी राखायची आणि पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडायची, हे तिचं काम.

ती पिल्लं बघायची म्हणून गेल्या मार्चमध्ये आम्ही बारा जण निघालो. होळीला जोडून सुट्टी होती. प्रियदर्शनीनं दोन दिवसांची रजा काढली आणि आमच्याबरोबर आली. स्वारगेटहून मिनी बस केली होती. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिथे आधीच गर्दी फार होते.

धुळवडीच्या दिवशी सकाळी आम्ही पिल्लं पाहिली. बिस्किटाएवढी काळी पिल्लं वाळूवरून पाण्याकडे धडपडत जात होती आणि गोवंडे चक्क दहा मिनिटं गप्प होते. मग जेवणं झाली. दुपारी तीनच्या सुमारास बाकीचे घरात आडवे झाले आणि आम्ही तिघं, म्हणजे प्रियदर्शनी, गोवंडे आणि मी, सुरूच्या झाडांखाली चहाच्या टपरीशी बसलो.

समोर समुद्र छान दिसत होता. मी तसं म्हटलं.

"छान नाहीये काकू," ती म्हणाली. "काल पौर्णिमा झाली. दुपारी बाराला मोठी भरती होती, आता तेवढंच पाणी परत चाललंय. तो खडकाजवळचा पट्टा बघा. तिथे लाटा फुटत नाहीयेत ना?"

मी बघितलं. दोन्हीकडे पांढरा फेस उसळत होता आणि मधे वीस-पंचवीस पावलं रुंदीचा पट्टा शांत, जरा गढूळ होता.

"लोकांना वाटतं, तिथे लाटा नाहीत, तिथे पोहावं. पण तीच पाण्याची परत जायची वाट आहे. आत येताना पाणी सगळीकडून येतं, जाताना एका वाटेनं जातं. वाटेत जो असेल त्याला घेऊन जातं."

हे सगळं तिला यमुनाबाई चोगले यांनी शिकवलं होतं. यमुनाबाई त्याच गावच्या कोळीण, वय साठीच्या पुढे. प्रियदर्शनीच्या कोकणातल्या पहिल्याच वर्षी तिथे एक वीस वर्षांचा मुलगा बुडाला होता. तिच्यासमोर.

"मला पोहता येत होतं," ती मला म्हणाली. "पण तलावातलं. मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहिले आणि पुढे पाऊलच उचललं नाही. मला कुणी बोल लावला नाही. उलट म्हणाले, गेली नाहीस हे बरं केलंस. पण मला झोप लागेना. मग यमुनाआईंकडे गेले आणि म्हटलं, मला समुद्र शिकवा."

दोन हिवाळे यमुनाबाईंनी तिला शिकवलं. पोहायला नव्हे, आधी नुसतं बघायला. पाण्याचा रंग, फेस कुठे थांबतो, कचरा कुठल्या दिशेनं वाहतो. मग हळूहळू पाण्यात. ओढीला विरोध करायचा नाही, ती दमली की बाजूला निघायचं, हे तिनं अंगानं शिकून घेतलं.

हे बोलणं चाललं होतं तेवढ्यात तिघं जण रंगानं माखलेले, हसत-ओरडत पाण्याकडे गेले. दोन मुलगे आणि एक मुलगी. पुढे कळलं की तिघंही पुण्याचेच, खराडीच्या एका आयटी कंपनीतले. सोनाली, अभिनव आणि पियुष. अंगाचा रंग धुवायला पाण्यात शिरले आणि नेमके त्या शांत पट्ट्यात.

प्रियदर्शनी उठली. गळ्यातली शिट्टी तिनं दोनदा, तीनदा फुंकली. सुट्टीवर असली तरी शिट्टी होती. "बाहेर या! तिथे नको!"

पियुषनं हात हलवला. त्याला वाटलं, आम्ही मजेत हाक मारतोय. दुसऱ्या मिनिटाला त्याचे पाय जमिनीवरून सुटले. मला इतकंच दिसलं की तीन डोकी होती तिथून एकाएकी लांब गेली, जणू कुणी खालून सतरंजी ओढली. मग सोनालीची किंकाळी ऐकू आली.

किनाऱ्यावर पन्नासेक माणसं असतील. सगळी ओरडायला लागली. दोघांनी मोबाइल वर केले. एक तरुण शर्ट काढून धावत निघाला, त्याला प्रियदर्शनीनं दंडाला धरून मागे खेचलं. "समुद्रात पोहता येतं? नाही ना? मग चौथा होऊ नका. ॲम्ब्युलन्सला फोन लावा."

तिनं टपरीवाल्याचे तेलाचे दोन रिकामे डबे उचलले, पंधरा-पंधरा लिटरचे, झाकण घट्ट लावलेले प्लास्टिकचे. सुरूच्या झाडाला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती, ती तोडून डब्यांच्या कड्यांतून ओवली. हे करताना ती बोलत होती. आवाज चढलेला नव्हता.

"काका, खाडीच्या कडेला तिसरं घर, निळा दरवाजा. रतन चोगले. यमुनाआईंचा मुलगा. त्याला म्हणा, होडी काढ, माणसं खडकाच्या बाहेर सापडतील. प्रियानं सांगितलं म्हणा. पळा."

गोवंडे पळाले. एकाहत्तर वर्षांचा, गुडघ्याला पट्टा लावलेला माणूस ओल्या वाळूवरून चपला टाकून पळाला.

"काकू, तुम्ही इथे उभ्या राहा आणि बोट त्यांच्याकडे धरून ठेवा. लाटांत डोकी दिसत नाहीत. होडीवाल्याला तुमचं बोट बघून दिशा कळेल. नजर हलवू नका, बोट खाली घेऊ नका. काही झालं तरी."

"आणि तू?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती घाबरली होती हे मला स्पष्ट दिसलं, आणि म्हणूनच पुढचं मी जन्मभर विसरणार नाही. ती त्याच शांत पट्ट्याकडे चालत गेली, छातीइतकं पाणी होईपर्यंत चालली, आणि मग डबे छातीशी धरून तिनं स्वतःला त्या ओढीत सोडून दिलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, ती बाई पण वाहून चालली!" मीही तेच समजले असते. पण ती वाहून जात नव्हती, त्या ओढीवर बसून चालली होती. ज्या पाण्यानं त्यांना नेलं तेच पाणी तिला सगळ्यांत लवकर त्यांच्यापाशी नेणार होतं.

पुढचं मला तिनं आणि सोनालीनं नंतर सांगितलं.

सगळ्यांत जवळ अभिनव होता. तो किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं हात मारत होता आणि तसूभरही पुढे सरकत नव्हता. प्रियदर्शनी जवळ येताच त्यानं तिलाच मिठी मारली. बुडणारा माणूस जे हाती लागेल त्यावर चढतो. तो तिच्या खांद्यावर चढला, तिचा उजवा हात त्यानं मागे पिरगाळला, आणि दोघंही पाण्याखाली गेली. ती वर यायची धडपड करण्याऐवजी आणखी खाली गेली. अभिनवला खाली जायचं नव्हतं, त्यानं हात सोडले. ती दोन हात लांब वर आली आणि त्याच्या छातीवर डबा ढकलला.

"हे धर! मला नाही, याला धर! हात नको मारून राहू!"

घाबरली की तिच्या बोलण्यात भंडारा उतरतो.

सोनाली पलीकडेच होती. ती ओरडून ओरडून थकली होती, तोंडात पाणी जात होतं. तिला दुसरा डबा दिला. दोन्ही डबे एका दोरीला होते, त्यामुळे दोघं एकत्र राहिली. आता ते फुटत्या लाटांच्या बाहेर आले होते आणि ओढ मंदावली होती.

"मॅडम, किनारा त्या बाजूला आहे," अभिनव रडत म्हणाला.

"माहीत आहे मला. आपण तिकडे जात नाही आहोत. इथेच तरंगायचं. होडी येणार आहे."

"आणि नाही आली तर?"

"रतन आहे तो. येतो."

मग तिनं विचारलं, "तिसरा कुठे आहे?"

पियुष साठ-सत्तर हात पुढे होता. त्याचं डोकं दिसायचं, नाहीसं व्हायचं. प्रियदर्शनीपुढे आता प्रश्न होता. डबे दोनच. ते सोडून गेली तर स्वतःला आधार काही नाही, आणि उजवा खांदा उचलत नव्हता. ती मला म्हणाली, "काकू, त्या वेळी मला यमुनाआई आठवली नाही, बुद्ध आठवला नाही, कुणी आठवलं नाही. फक्त एवढंच मनात आलं की मी आता पुन्हा जागेवर थांबले तर माझं काही खरं नाही."

तिनं सोनालीचा हात दोरीवर घट्ट ठेवला. "तू याच्याशी बोलत राहायचं. गप्प बसू द्यायचं नाही. काय वाटेल ते विचार." आणि ती एका हातानं पोहत निघाली.

किनाऱ्यावर मी बोट धरून उभी होते. चार ठिपके होते त्यांतला एक बाकीच्यांपासून निघून आणखी आत जाताना मला दिसला. कोण ते मला कळलं नाही, पण मनात कळलं. माझा हात भरून आला होता. टपरीवाल्याची बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या कोपराखाली आपला खांदा दिला. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.

ती पोहोचली तेव्हा पियुष हातपाय हलवत नव्हता. तिनं त्याला उताणा केला, डावा हात त्याच्या हनुवटीखाली घातला आणि स्वतः उताणी होऊन त्याचं डोकं आपल्या छातीवर घेतलं. पाय मारत राहिली. लाट आली की त्याचं नाक वर धरायचं, लाट गेली की श्वास घ्यायचा. असं किती वेळ, तिला सांगता आलं नाही. टपरीवाल्याच्या घड्याळात बावीस मिनिटं होती.

इकडे ओहोटीनं खाडीतलं पाणी उतरलं होतं आणि रतनची होडी चिखलात रुतलेली. गोवंडे तिथे पोहोचले तेव्हा त्यांना धाप लागून बोलता येईना. "प्रिया" एवढंच म्हणाले आणि समुद्राकडे हात केला. रतननं दुसरा प्रश्न विचारला नाही. शिमग्याच्या पालखीसाठी जमलेली माणसं हाकेसरशी धावली. दहा-बारा जणांनी गुडघाभर चिखलातून होडी ढकलत पाण्यात नेली. त्यांत गोवंडेही होते. त्यांना कुणीतरी बाजूला व्हायला सांगितलं तर म्हणाले, "तुम्ही ढकला, माझं नंतर बघू."

होडी खडकाला वळसा घालून बाहेर आली. रतननं किनाऱ्याकडे बघितलं, माझं बोट बघितलं आणि होडी वळवली.

आधी अभिनव आणि सोनाली मिळाली. सोनाली अभिनवला त्याच्या गाडीचा नंबर विचारत होती आणि तो दर वेळी वेगळा सांगत होता. त्यांना वर घेताच दोघंही एकदम ओरडली, "तिकडे! मॅडम तिकडे आहेत!"

रतन सांगतो, त्यानं जवळ जाऊन हात पुढे केला तर प्रियदर्शनीनं तो घेतला नाही. "आधी याला. श्वास बघ याचा." पियुषला वर घेतलं. त्याचा श्वास जाणवत नव्हता. मग तिला ओढून घेतलं. तिनं होडीत पडल्या पडल्याच त्याची मान मागे केली, नाक दाबलं आणि तोंडानं त्याच्या छातीत हवा भरायला सुरुवात केली. चौथ्या की पाचव्या खेपेला त्याला उलटी झाली. पाणी, जेवण, सगळं तिच्या अंगावर. रतन म्हणतो, उलटी बघून एवढा आनंद झालेली बाई त्यानं आजवर पाहिली नव्हती.

होडी किनाऱ्याला लागली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला त्या ऐकू आल्या नसाव्यात. ती उतरली, चार पावलं चालली आणि वाळूत गुडघ्यांवर बसली. तिघांना ॲम्ब्युलन्सनं दापोलीच्या रुग्णालयात नेलं. पियुषला तीन दिवस ठेवून घेतलं, बाकीचे दोघं दुसऱ्या दिवशी सुटले. तिघंही वाचले.

संध्याकाळी यमुनाबाई आल्या. मला वाटलं, आता शिष्येचं कौतुक करतील. त्यांनी आधी प्रियदर्शनीचा सुजलेला खांदा चाचपून पाहिला, मग तिच्या डोक्यात हलकीच टपली मारली.

"माणसं तीन होती. डबे दोन कसे नेलेस? मोजता येत नाही?"

"दोनच होते, आई."

"मग माझ्याकडून घ्यायचा."

"वेळ नव्हता."

"हं," यमुनाबाई म्हणाल्या. मग त्यांनी तिचं डोकं पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. प्रियदर्शनी त्या वेळी पहिल्यांदा रडली.

पुण्यात आल्यावर जे व्हायचं ते झालं. पेपरात बातमी आली, दोन ठिकाणी सत्कार झाले, खात्यानं प्रशस्तिपत्र दिलं. एका सत्कारात निवेदकानं तिला "सागरकन्या" म्हटलं. तिनं माइक घेतला आणि म्हणाली, "मी भंडाऱ्याची आहे, तिथे सागर नाही." मग तिनं फळा मागवला आणि वीस मिनिटं पाण्याची वाट कशी ओळखायची, सापडलात तर काय करायचं, हे काढून दाखवलं. किनाऱ्याकडे पोहू नका, तरंगा, ओढ सुटली की बाजूनं निघा. शेवटी तिनं त्या पहिल्या वर्षी बुडालेल्या मुलाचं नाव घेतलं आणि सांगितलं, हे मी त्याच्यामुळे शिकले. गोवंडे पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होते. त्यांना पोहता येत नाही.

खांद्याचा स्नायू फाटला होता. डॉक्टरांनी सहा आठवडे हात गळ्यात बांधून ठेवायला सांगितला. मार्च-एप्रिल म्हणजे टेकडीवर वणव्यांचे दिवस. ती तशीच, एका हातानं, रोज कामावर.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी मी टेकडीवरच्या तिच्या वनचौकीत बसले होते. दारात एक बाई आल्या, पन्नाशीच्या, सुती साडी, हातात पिशवी. बरोबर पियुष होता, पूर्वीपेक्षा बारीक झालेला. त्या त्याच्या आई, विजयमाला. यवतमाळहून रात्रभर प्रवास करून आल्या होत्या.

प्रियदर्शनी उठून उभी राहिली. "या ना, बसा."

त्या बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. पियुष खाली बघत उभा. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमचं गाव कोणतं जी?"

"साकोलीजवळचं."

"म्हणजे धानाचा मुलूख."

"हो. तुमच्याकडे कापूस."

"कापूस, तूर. यंदा तूर बरी झाली." त्यांनी पिशवीतून तुरीच्या डाळीचं गाठोडं काढून टेबलावर ठेवलं. "घरची आहे."

मग त्या दोघी अर्धा तास बोलत होत्या. पाऊस, तलाव, उन्हाळा, यवतमाळचं पाणी किती दिवसांनी येतं, भंडाऱ्यात लग्नात काय वाढतात. समुद्राचं नाव कुणी काढलं नाही. पियुष एव्हाना बाकावर टेकला होता आणि मधे एकदा हसलाही.

निघताना विजयमालाबाई थांबल्या. त्यांनी प्रियदर्शनीचा तो गळ्यात बांधलेला हात दोन्ही हातांत घेतला, अगदी हलक्यानं, तान्ह्या बाळाचा घ्यावा तसा.

"दुखते का?"

"थोडं."

त्यांनी मान हलवली. हात लगेच सोडला नाही. तेवढ्यात वनरक्षकाचा फोन आला, मागच्या उतारावर गवत पेटलं होतं. प्रियदर्शनीनं टोपी घातली, पियुषला म्हणाली, "आईला नीट घेऊन जा, ऊन फार आहे," आणि डाव्या हातात आग विझवायची झोडपणी घेऊन टेकडी चढायला लागली. विजयमालाबाई दारात उभ्या राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या.